थ्रेड : जुन्या बिलियर्ड टेबलाचे वय कोण सांगते?

जुन्या वस्तूंच्या बाजारात पूल खेळण्याचे एखादे जड, कोरीव पायांचे लाकडी टेबल विक्रीस येते. त्याच्या आखूड कडेवर एक लहानशी नामपट्टी असते. तीवर ‘मोनार्क कुशन्स’ अशी अक्षरे असतात आणि त्याखाली कंपनीचे नाव : ब्रन्सविक-बाल्के-कोलेंडर. विक्रेता सांगतो की हे प्रसिद्ध ‘मोनार्क’ टेबल आहे, दीडशे वर्षांचे आहे आणि पट्टीपासून पायापर्यंत अस्सल आहे. ग्राहक पट्टी वाचतो, अक्षरे जुन्या वळणाची दिसतात, आणि विश्वास बसतो.

त्या पट्टीवर खोटे काहीच लिहिलेले नसते. चुकतो तो वाचणारा.

‘मोनार्क’ नावाचे एक टेबल ब्रन्सविक कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खरोखरच काढले होते. ओतीव लोखंडाचे सिंह त्याचे पाय म्हणून घडवलेले असत आणि आजही ते टेबल संग्राहकांच्या मनात फार वरचे स्थान राखून आहे. ‘मोनार्क कुशन्स’ हे मात्र त्याच कंपनीच्या रबरी कडांचे व्यापारी नाव होय. चेंडू ज्या कडेवर आदळून परततो ती कड म्हणजे कुशन. ही कुशन कंपनीने आपल्या अनेक प्रकारच्या टेबलांना बसवली आणि त्या सर्वांवर ती पट्टीही लावली. म्हणजे पट्टी टेबलाचे नाव सांगत नाही, कुशनची जाहिरात करते. सिंहाचे पाय नसलेल्या साध्या टेबलाला केवळ या दोन शब्दांच्या बळावर ‘मोनार्क’ म्हणून विकले जाते, आणि पुष्कळदा विकणाऱ्यालाही आपण काय विकतो आहोत याची कल्पना नसते.

याच पट्टीवरील कंपनीच्या नावाचा उपयोग मात्र होतो. जॉन मोझेस ब्रन्सविक हा स्वित्झर्लंडहून अमेरिकेत आलेला कारागीर. त्याने १८४५ साली सिनसिनाटी येथे हा व्यवसाय सुरू केला. १८७०च्या दशकात ज्युलियस बाल्के यांचा कारखाना त्यात विलीन झाला आणि १८८४ साली कोलेंडर यांची कंपनीही सामील झाली. त्यामुळे तिन्ही नावे एकत्र असलेली पट्टी १८८४ पूर्वीची असू शकत नाही. हे संयुक्त नाव १९६० पर्यंत चालले. तेव्हा पट्टीने दिलेला काळ १८८४ ते १९६० असा शहात्तर वर्षांचा ठरतो. ‘हे १८७५चे’ म्हणणाऱ्याचा दावा त्याच्याच पट्टीने खोडला जातो. पण १८९०चे की १९२५चे, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी टेबलाखाली वाकावे लागते.

मराठी इतिहासाच्या वाचकाला हा पेच परका नाही. बखर रंजक असते, पण ती पुष्कळदा घटनेनंतर बऱ्याच काळाने लिहिलेली असते. उलट एखादे रुक्ष हिशेबाचे पत्र त्या दिवशीचेच असते. वि. का. राजवाडे यांनी अस्सल कागदांना बखरींपेक्षा अधिक मोल दिले ते याच कारणाने. जुन्या टेबलाच्या बाबतीत विक्रेत्याची हकिकत ही बखर आहे. नामपट्टी हा शिक्का आहे, आणि शिक्का एका कागदावरून दुसऱ्या कागदावर जाऊ शकतो, कारण पट्टीला दोनच स्क्रू असतात. अस्सल कागद असतो तो टेबलाच्या पोटाखाली, जिथे पॉलिश करणाऱ्याचा हात सहसा पोहोचत नाही.

प्रथम जात ओळखावी. ‘पूल टेबल’ हा शब्द आपल्याकडे सरसकट वापरला जातो, पण इंग्लिश आणि अमेरिकन अशी दोन निराळी घराणी आहेत. इंग्लिश बिलियर्ड्स आणि स्नूकरचे पूर्ण आकाराचे टेबल सुमारे १२ फूट लांब व ६ फूट रुंद असते. त्याला बहुधा आठ पाय असतात, पृष्ठभागाखाली दगडाचे पाच तुकडे असतात आणि एकूण वजन एक टनाहून अधिक भरते. अमेरिकन पूलचे प्रमाण टेबल ९ फूट लांब व साडेचार फूट रुंद, पाय चार किंवा सहा आणि दगडाचे बहुधा तीन तुकडे. पूलचा चेंडू सव्वादोन इंच व्यासाचा, तर स्नूकरचा त्याहून किंचित लहान. त्यामुळे खिसे आणि कुशनची ठेवण दोन्हीकडे वेगळी. ‘पूल’ हा शब्द मुळात पैजेच्या एकत्र केलेल्या रकमेसाठीचा. अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतींवर पैजा लावण्याच्या जागांना ‘पूलरूम’ म्हणत आणि दोन शर्यतींमधला वेळ घालवण्यासाठी तेथे टेबले मांडलेली असत. पुढे पैजेचा शब्द टेबलालाच चिकटला. तेव्हा बारा फुटी, आठ पायांचे टेबल ‘जुने अमेरिकन पूल टेबल’ म्हणून समोर आले, तर पुढील परीक्षेची गरजच उरत नाही.

यानंतर दगड. हा या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे.

पंधराव्या शतकातील फ्रेंच दरबारापासून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बिलियर्डचे टेबल म्हणजे लाकडी फळ्यांवर ताणलेली हिरवी बनात. लाकूड हवेप्रमाणे फुगते, आकसते आणि वाकते. त्यावर चेंडू सरळ जाणे ही दैवाची गोष्ट होती. लंडनमध्ये १७९९ साली स्थापन झालेल्या थर्स्टन या फर्निचरच्या पेढीने १८२०च्या दशकात पाटीचा दगड वापरून पाहिला आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत तोच सर्वमान्य झाला. हा दगड म्हणजे ज्यावर मराठी मुलांच्या पिढ्या ‘श्री’ गिरवायला शिकल्या त्याच जातीचा : पातळ थरांत फुटणारा, घासून आरशासारखा सपाट होणारा आणि दमट हवेत न वाकणारा. इंग्लंडला तो वेल्समधील खाणींतून मिळे. आजच्या टेबलांसाठी मुख्यतः इटलीतील लिगुरिया प्रांतातला दगड वापरतात. तेथील लावान्या या गावचा दगड इतका प्रसिद्ध की इटालियन भाषेत शाळेतल्या फळ्यालाच ‘लावान्या’ म्हणतात.

टेबलाखाली विजेरी घेऊन वाकले की हा दगड करड्या-निळसर रंगात दिसतो. हात लावला तर गार लागतो. त्याऐवजी प्लायवुड किंवा भुशाचा दाबलेला तक्ता दिसला, तर ते टेबल एकतर घरगुती वापराचे नवे आहे किंवा जुन्या सांगाड्यावर नवे पृष्ठ चढवलेले आहे. भुशाचे तक्ते दुसऱ्या महायुद्धानंतरच मोठ्या प्रमाणावर आले; राणी व्हिक्टोरियाच्या काळातील टेबलात ते असण्याचे कारण नाही. दगड असला तरी काम संपत नाही. तुकडे एकमेकांशी जुळावेत म्हणून त्यांच्या कडांमध्ये छिद्रे आणि खुंट्या असतात. दोन तुकड्यांची छिद्रे समोरासमोर येत नसतील किंवा एका तुकड्याची जाडी दुसऱ्याहून निराळी असेल, तर त्यातला एक पाहुणा आहे. दगड फुटतो तो बहुतेक वेळा टेबल एका जागेहून दुसरीकडे नेताना, आणि फुटलेल्याच्या जागी दुसऱ्या मोडीत निघालेल्या टेबलाचा दगड येतो. यात फसवणूक असतेच असे नाही. खेळ चालू ठेवायचा होता, इतकेच.

आता ‘मोनार्क’च्या त्या कुशनकडे परत जाता येईल. प्रारंभी टेबलाच्या कडा कापड किंवा केस भरून मऊ केलेल्या असत. त्यांवरून चेंडू मरगळून परते. १८३०च्या दशकात थर्स्टनने नैसर्गिक रबर वापरले, पण थंडीत ते दगडासारखे कडक होई. मग खेळापूर्वी गरम पाण्याने भरलेले धातूचे डबे कडेला लावून ते ऊबवावे लागे. गंधकाची प्रक्रिया केलेले रबर आले तेव्हा ही अडचण सुटली. १८४५च्या सुमारास थर्स्टनने त्याची कुशन बनवली आणि सुरुवातीच्या संचांपैकी एक राणी व्हिक्टोरियाकडे गेला. मात्र प्रक्रिया केलेले रबरही अमर नसते. काही दशकांत ते वाळते, भेगाळते, त्याची उसळी जाते आणि ते बदलावेच लागते. शंभर वर्षे वापरात राहिलेल्या टेबलाचे मूळ रबर शिल्लक असणे जवळजवळ अशक्य. म्हणजे ‘मोनार्क कुशन्स’ ही पट्टी टेबलाच्या ज्या एका भागाची ग्वाही देते, नेमका तोच भाग तेथून केव्हाच गेलेला असतो! विक्रेता ‘मूळ रबर’ म्हणत असेल आणि चेंडू टणकन परतत असेल, तर दोहोंपैकी एक गोष्ट खरी मानावी.

रबर नवे असणे हा दोष नाही, नव्या रबराला जुने म्हणणे हा दोष आहे. परीक्षेचा प्रश्नच त्यामुळे बदलतो. ‘हे टेबल अस्सल आहे का?’ या प्रश्नाला उत्तर नसते. ‘याचा कोणता भाग कोणत्या काळचा?’ याला असते.

त्या प्रश्नाचा सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणजे क्रमांक. कारखान्यात टेबल पूर्ण जुळवून पाहत, मग सुटे करून पाठवत. दूरच्या गावी कारागिराने तेच भाग त्याच जागी बसवावेत म्हणून कडांच्या खालच्या बाजूला, सांगाड्याच्या लाकडावर आणि दगडाच्या कडेवर आकडे ठोकलेले असत. कधी छिन्नीने मारलेल्या रोमन अंकांसारख्या रेघाही. सर्व भागांवर एकच क्रमांक मिळाला, तर ते एकाच दिवशी एकाच छताखाली जन्मले असे मानण्यास भक्कम आधार मिळतो. सांगाड्यावर एक क्रमांक आणि कडांवर दुसरा असेल, तर दोन टेबलांचे लग्न लावलेले आहे. क्रमांक कुठेच नसतील, तर ते कधी नव्हतेच की कोणी घासून काढले, हे लाकडाच्या रंगावरून पाहावे लागते. आजूबाजूचे लाकूड काळवंडलेले आणि मधोमध एक फिकट आयत, असे दृश्य पुष्कळ काही सांगून जाते.

स्क्रूंकडे कोणी पाहत नाही, म्हणून ते खोटे बोलत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लाकडात बसणाऱ्या स्क्रूचे टोक बोथट असे. यंत्राने केलेले अणकुचीदार टोक त्यानंतर रूढ झाले. डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू तर १९३०च्या दशकातला. १८५०चे म्हणून विकल्या जाणाऱ्या टेबलाच्या पायात असा स्क्रू सापडला, तर निदान तो पाय एकदा तरी विसाव्या शतकात सुटा झाला होता. एका नव्या स्क्रूवरून सारे टेबल नाकारणेही तितकेच उतावीळपणाचे. दुरुस्ती आणि बनावट यांतला फरक संख्येने आणि जागेने कळतो : चार नवे स्क्रू एका पायात असतील तर दुरुस्ती, सर्वत्र असतील तर संशय. कापडाचेही तसेच. पूर्वी बनात बारीक चुकांनी ठोकत, पुढे स्टेपल आले. कडेच्या लाकडात चुकांच्या छिद्रांची दाटी दिसली, तर त्या टेबलाने कापडाचे अनेक जोड पाहिले आहेत. ‘शंभर वर्षांच्या’ टेबलाच्या लाकडात स्टेपलच्या जोडछिद्रांखेरीज काहीच नसेल, तर ते लाकूड शंभर वर्षांचे नाही.

एक फसवी जात विशेष सावधपणे पाहावी लागते. अमेरिकेत आणि युरोपात एके काळी बिनखिशांच्या टेबलावरील कॅरम बिलियर्ड्स फार लोकप्रिय होते (आपल्या सोंगट्यांच्या कॅरमशी याचा संबंध जोडू नये). त्याची आवड ओसरली तेव्हा अनेक सुंदर बिनखिशी टेबले कापून त्यांना सहा खिसे पाडण्यात आले. अशा टेबलाचे लाकूड, दगड, क्रमांक सारेच जुने आणि जुळणारे असू शकते. तरीही ते मूळचे पूल टेबल नसते. खिशाजवळ नक्षीचा तुकडा मध्येच तुटलेला दिसतो आणि दगडाचा काप बाकीच्या कडांइतका सफाईदार नसतो. मूळ खिशांचे टेबल बनवणारा सुतार नक्षी खिशापाशी थांबवतो. नंतर आलेला करवतवाला ती कापून पुढे जातो.

भारतात हा विषय अधिक गुंतागुंतीचा आहे. लष्करी छावण्या, जिमखाने, क्लब आणि संस्थानिकांचे वाडे यांमधून बिलियर्डची टेबले इथे आली. काही थर्स्टन किंवा १८३६ साली स्थापन झालेल्या बरोज अँड वॉट्स या लंडनच्या पेढ्यांची. काही कोलकात्याच्या सी. लॅझारस अँड कंपनीसारख्या इथल्याच कारखानदारांची. त्यामुळे इंग्लिश धाटणीच्या टेबलात महोगनीऐवजी सागवान आढळले, तर ‘नक्कल’ म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. वाळवी आणि पावसाळा सोसणारे लाकूड निवडणे हे शहाणपण होते. उलट लंडनच्या पेढीची पट्टी आणि आतला सारा सांगाडा सागवानी, ही जोडी मात्र प्रश्न विचारायला लावते : पट्टी कुठून आली, की सांगाडा मागाहून बदलला?

आणि मग येते ते सर्वांत मोहक वाक्य : ‘याच टेबलावर स्नूकरचा शोध लागला.’

स्नूकरचा जन्म जबलपूरचा, ही कथा सुपरिचित आहे. १८७५ साली तेथील ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने ‘ब्लॅक पूल’ या प्रचलित खेळात आणखी रंगीत चेंडू मिसळले. (पुढे पंतप्रधान झालेला चेंबरलेन तो वेगळा.) १८८२ मध्ये उटकमंडच्या क्लबात नियम लिहून लावले गेले. परंतु ही माहिती जगापुढे नीट आली केव्हा? स्नूकरचा उगम इंग्लंडमधील लष्करी प्रबोधिनीत झाल्याचा दावा छापून आला, तेव्हा वृद्ध चेंबरलेनने १९३८ साली ‘द फील्ड’ या नियतकालिकाला पत्र लिहून आपली बाजू मांडली. घटनेनंतर त्रेसष्ट वर्षांनी, स्वतःच्याच कर्तृत्वाविषयी दिलेली ही साक्ष. केवळ तीवर विसंबणे कठीण होते. पण त्या काळच्या इतर अधिकाऱ्यांच्या आठवणींनी तिला दुजोरा दिला आणि लेखक कॉम्प्टन मॅकेन्झी यांनी ती हकिकत उचलून धरली. म्हणून ती स्वीकारली गेली.

खेळाची जन्मकथा सिद्ध करायला एवढा पुरावा लागला. मग एखाद्या विशिष्ट टेबलासाठी किती लागेल? पलटणी बदलत, मेसचे सामान हात बदलत असे. ‘जबलपूरहून आलेले’ हे टेबल १८७५ साली त्याच मेसमध्ये होते, हे दाखवायला खरेदीची पावती, सामानाची नोंदवही, लिलावाची यादी, जागेवरचे छायाचित्र यांची अखंड साखळी हवी. एक कडी तुटली की उरते ती हकिकत. हाच निकष विल्सन जोन्स यांच्या नावालाही लावावा लागेल. पुण्यात १९२२ साली जन्मलेल्या जोन्स यांनी १९५८ मध्ये कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे जागतिक अजिंक्यपद मिळवले. पुण्या-मुंबईच्या एखाद्या टेबलाला उद्या कोणी त्यांचे नाव जोडले, तर क्लबाच्या दप्तरात ते टेबल आणि तो खेळाडू एकत्र सापडतात का, हे पाहिल्यावाचून त्या नावाचे पैसे मोजू नयेत.

टेबलाबरोबर पुष्कळदा जुने चेंडूही येतात, आणि इथे फसवणुकीपेक्षा कायद्याचा धोका मोठा आहे. एकोणिसाव्या शतकात चांगले चेंडू हस्तिदंताचे असत. एका सुळ्यातून मोजकेच चेंडू निघत. टंचाई इतकी वाढली की १८६३ साली फेलन अँड कोलेंडर या अमेरिकन पेढीने पर्यायी पदार्थासाठी दहा हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले. त्या ध्यासातून जॉन वेस्ली हायट याच्या हाती सेल्युलॉइड लागले. त्या चेंडूंवर आघात झाला की कधी कधी लहानसा बार उडे आणि कोलोरॅडोतील एका गुत्तेवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे प्रत्येक बाराला खोलीतली सारी माणसे पिस्तुले उपसत, अशी आठवण हायटनेच पुढे सांगितली. हस्तिदंताच्या चेंडूवर एकमेकींना छेदणाऱ्या अतिशय बारीक वक्र रेषा दिसतात. प्लास्टिकमध्ये त्या तशा जुळून येत नाहीत. पण ओळख पटली तरी आनंदून जाऊ नये. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्यांनुसार भारतात हस्तिदंताची खरेदी-विक्री बंद आहे. ‘टेबलाबरोबर चेंडू फुकट’ हा सौदा ग्राहकाला महागात पडू शकतो.

या सगळ्या पुराव्याचा सर्वांत मोठा शत्रू बनावट करणारा नाही. तो आहे सद्हेतूने टेबल ‘नवे करून देणारा’. यंत्राने घासलेल्या लाकडाबरोबर ठोकलेले आकडे जातात. जुने कापड ओढून फेकताना त्याखालचे सारे कचऱ्यात जाते. जुन्या स्क्रूंच्या जागी एकसारखे चकचकीत स्क्रू येतात. टेबल देखणे होते आणि मुके होते. म्हणून टेबल सुटे करण्याआधीच प्रत्येक क्रमांकाचे, प्रत्येक सांध्याचे, खालच्या बाजूचे आणि छिद्रांचे छायाचित्र घ्यावे. काढलेले स्क्रू जागेच्या नावानिशी वेगळ्या पिशव्यांत ठेवावेत. नामपट्टीमागचे लाकूड जरूर पाहावे. पट्टी मुळापासून तिथेच असेल, तर तिच्याखालचे लाकूड तिच्याच आकाराएवढे ताजे असते. आणि छिद्रे दोनच असतात, चार नाहीत.

कापड मात्र सावकाश काढावे. बनात बदलायला येणारे कारागीर दगडावर किंवा कडांच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने आपले नाव आणि तारीख लिहून ठेवत. त्यावर पुन्हा बनात ताणली जाई आणि पुढचा कारागीर येईपर्यंत ती अक्षरे कोणी पाहत नसे. ती विकण्यासाठी लिहिलेली नव्हती. एखाद्या टेबलावर अशा तीन-चार तारखा एकाखाली एक सापडतात, वेगवेगळ्या हातांच्या, आणि सर्वांत जुनी तारीख विक्रेत्याने सांगितलेल्या सालाच्या आधीची आहे की नंतरची, हे तिथे उभ्या असलेल्या सर्वांना एकाच वेळी कळते.